दहा माणसं आणि चौऱ्याहत्तर अस्वलं

अलास्काच्या नैर्ऋत्येला, कुक इनलेट या लांबलचक आखाताच्या पश्चिम काठावर, मॅकनील नावाची एक छोटी नदी समुद्राला मिळते. मुखापासून थोडं वर गेलं की पात्रात खडकांच्या पायऱ्या लागतात. तिथले लोक त्यांना धबधबा म्हणतात, पण उंचावरून कोसळणारं पाणी तिथे नाही. नदी खडकांवर आदळत, वळणावळणाने, फेसाळत खाली येते. जुलैत समुद्रातून परतणारे चम जातीचे सॅमन मासे या पायऱ्यांशी अडतात, भोवऱ्यांत दम घेत थांबतात आणि पुन्हा उडी मारतात. त्यांच्यासाठी आजूबाजूच्या डोंगरदऱ्यांतून तपकिरी अस्वलं येतात. एका उन्हाळ्यात या नदीवर १४४ वेगवेगळ्या अस्वलांची नोंद झालेली आहे, आणि एकाच वेळी दिसलेल्या अस्वलांचा आकडा ७४ पर्यंत गेलेला आहे. जंगली तपकिरी अस्वलांचा एवढा मोठा जमाव जगात दुसरीकडे पाहायला मिळत नाही. तो पाहायला दिवसाला दहा परवानाधारक जाऊ शकतात.

या लेखात मला अस्वलांइतकंच त्या दहा माणसांबद्दल लिहायचं आहे. मॅकनीलला जे घडलंय ते अस्वलांना काही शिकवून घडलेलं नाही. माणसांना वळण लावून घडलंय, आणि त्याला पन्नास वर्षं लागली आहेत.

इथे पूर्वी असं नव्हतं. शिकारीला या भागात १९५५ मध्येच बंदी झाली, तेव्हा अलास्का अमेरिकेचं राज्यही नव्हतं. १९६७ मध्ये राज्य सरकारने अभयारण्य जाहीर केलं. पण तोवर या नदीची कीर्ती छायाचित्रकारांपर्यंत पोचली होती. विमान करून कुणीही यावं, हव्या त्या काठावर तंबू ठोकावा, अस्वलांच्या मागे झाडीत शिरावं, असं चालायचं. माणसं कुठून उगवतील आणि काय करतील याचा अस्वलांना काही अंदाज येईना. त्यांनी धबधब्यावर येणं कमी केलं. संरक्षण कागदावर पुरेपूर होतं आणि ज्यांचं रक्षण करायचं तीच निघून चालली होती. मग १९७३ मध्ये परवाना पद्धत आली.

१९७६ मध्ये लॅरी ओमिलर नावाचा तरुण राज्याच्या मासे व वन्यजीव खात्यातर्फे इथे कामाला लागला आणि पुढचे तीस उन्हाळे तो इथेच राहिला. आज मॅकनीलला जी शिस्त आहे ती मुख्यतः त्याने घडवली. त्यामागचा विचार साधा आहे. माणसं रोज त्याच सुमारास निघतील, त्याच पायवाटेने जातील, त्याच जागी बसतील आणि त्याच वाटेने परततील. कुणी एकटं फिरणार नाही. कुणी अस्वलाच्या दिशेने चालत जाणार नाही. अन्नाचा कण कुठे सांडणार नाही. असं वर्षानुवर्षं केलं की अस्वलाच्या लेखी माणूस ना धोका राहतो, ना खाण्याची सोय. तो तिथल्या एखाद्या खडकाइतका दुर्लक्ष करण्याजोगा होतो. सोबतच्या कर्मचाऱ्याच्या खांद्यावर बंदूक असते. पण परवाना पद्धत सुरू झाल्यापासून तिथे एकाही पाहुण्याला अस्वलाने इजा केलेली नाही.

परवाना सोडतीने मिळतो. १ मार्चपर्यंत अर्ज करायचा. एका अर्जावर तीन जणांपर्यंत नावं घालता येतात. माझा भाचा नोकरीनिमित्त सिअॅटलला असतो. त्याने माझं नाव आपल्या अर्जात घातलं होतं आणि मी ते विसरूनही गेले होते. एके दिवशी पहाटे त्याचा फोन आला. ‘मावशी, आपला नंबर लागला. मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून चिखलातून चालशील ना?’ मी हो म्हटलं. विदर्भात वाढले, अस्वलाबद्दल ऐकत वाढले, आणि तोवर ऐकलेल्या गोष्टींत बहुतेक वेळा शेवटी कुणीतरी जखमी झालेलं असायचं. अस्वलाची दुसरी काही गोष्ट असू शकते का, हे मला पाहायचं होतं.

अँकरेजहून आधी केनाई द्वीपकल्पाच्या टोकाला, होमर नावाच्या मच्छीमारांच्या गावी जायचं. तिथून पाण्यावर उतरणारं छोटं विमान घ्यायचं. मॅकनीलला रस्ता जात नाही, धक्का नाही, धावपट्टी नाही. कुक इनलेटमधली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, त्यामुळे विमान कधी उतरणार हे समुद्र ठरवतो. भरती असेल तर खाजणात पाणी असतं. ओहोटीला तिथेच मैलभर चिखल उघडा पडतो. आमच्या विमानाने आखात ओलांडलं तेव्हा उजव्या अंगाला ऑगस्टीन ज्वालामुखीचा सुळका एकटाच समुद्रातून वर आलेला दिसत होता. तो २००६ मध्ये शेवटचा मोठा फुटला. हा सगळा मुलूखच आगीवर वसलेला आहे. दक्षिणेला लागून कॅटमाई राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या नोव्हारुप्ता ज्वालामुखीचा १९१२ चा उद्रेक हा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा. त्या राखेखाली कॅटमाईच्या किनाऱ्यावरची अलुटिक लोकांची गावं गेली आणि तिथल्या माणसांना दूर, पेरीव्हिल नावाच्या नव्या वस्तीत नेऊन बसवण्यात आलं. आज आपण ज्याला निर्जन रान म्हणतो ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी निर्जन नव्हतं. अस्वलांचे आणि माणसांचे रस्ते तिथे तेव्हाही एकमेकांना छेदत असणार.

मुक्कामाच्या जागी तंबूंसाठी एक पट्टा आहे आणि स्वयंपाकाची एक लाकडी खोली. खाण्याचं सगळं त्या खोलीत. टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम, वास येणारं जे काही असेल तेही तिथेच. तंबूत शेंगदाण्याचा दाणासुद्धा न्यायचा नाही. पहिल्या संध्याकाळी तिथल्या कर्मचारी बाईने आम्हांला बसवून नियम सांगितले तेव्हा तिचा भर याच गोष्टीवर होता. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चव लागली की ते अस्वल बिघडतं. बिघडलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं, आणि दोष सांडणाऱ्याचा असतो. मी डब्यात बेसनाचे लाडू नेले होते. ते त्या खोलीत सगळ्यांनी मिळून संपवले आणि डबा तिथल्या तिथे धुऊन टाकला.

सकाळी दहाच्या सुमाराला धबधब्याकडे निघायचं. तीनेक किलोमीटरची चाल आहे. आधी मिक्फिक नावाचा ओढा आणि चिखलाचा सपाट पट्टा पार करायचा, मग लव्हाळ्यांचं ओलं मैदान, मग टेकाडावरून उंच गवतातली पायवाट. या मिक्फिक ओढ्यावर जूनमध्ये सॉकाय सॅमन येतात, तेव्हा अस्वलं इथे असतात. मैदानात आम्हांला लांबवर सात-आठ अस्वलं दिसली. गावाकडच्या गायरानात गुरं चरावीत तशी ती मान खाली घालून लव्हाळे खात होती. अस्वल गवत खातं हे मला वाचून माहीत होतं, पण एवढा अवाढव्य प्राणी तासभर मन लावून चरताना पाहणं वेगळं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला या खाऱ्या जमिनीतल्या लव्हाळ्यांत प्रथिनं भरपूर असतात. मासे येईपर्यंत अस्वलांचं त्यावर चालतं. जोडीला ओहोटीच्या वेळी चिखलातले शिंपले.

उंच गवतात शिरताना पुढचा कर्मचारी मोठ्याने बोलायला लागला. ‘हे अस्वला, आम्ही येतोय,’ अशा अर्थाचं काहीतरी, सहज आवाजात, पुन्हा पुन्हा. झोपलेल्या अस्वलाला दचकवायचं नाही. माणसावर होणारे बरेच हल्ले हे दचकलेल्या अस्वलाचे असतात. आम्ही दहाही जण एका ओळीत, एकमेकांच्या मागे चालत होतो. या चालण्याचाही नियम आहे. पांगलेली दहा माणसं अस्वलाला दहा दिशांनी आलेली दहा कोडी वाटतात. ओळीतली दहा माणसं ही एकच, ओळखीची गोष्ट असते.

धबधब्यापाशी टेकाडावर खडी टाकून सपाट केलेली छोटी जागा आहे. कठडा नाही, जाळी नाही, उंच मचाण नाही. पाणी तिथून काही पावलांवर. आम्ही पोचलो तेव्हा समोरच्या पात्रात आणि दोन्ही काठांवर अस्वलंच अस्वलं होती. मी मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे सोडून दिलं, कारण दरम्यान काही झाडीत गेली होती आणि काही नवी आली होती. भाचा कॅमेरा हातात धरून उभा होता आणि बराच वेळ त्याने तो डोळ्याला लावलाच नाही.

पहिला तासभर मला नुसता गोंधळ दिसला. पाण्याचा आवाज, कुरव पक्ष्यांचा कलकलाट, अधूनमधून कुणाची तरी डरकाळी. मग हळूहळू त्यातली व्यवस्था कळायला लागली. मासेमारीच्या उत्तम जागा मोजक्या आहेत आणि त्या बलदंड नरांच्या ताब्यात असतात. त्यातल्या काहींचं वजन चारशे किलोंच्या पुढे. असा नर पाण्यात छातीपर्यंत उभा राहतो आणि हलत नाही. मासा पायाशी आला की पंजाने खाली दाबतो, तोंडात धरतो, तिथेच उभ्याउभ्या खातो. त्याच्याहून कमी ताकदीचे नर दुसऱ्या फळीत. माद्या कडेकडेने. अडीच-तीन वर्षांची, आईने नुकतीच सोडून दिलेली तरुण अस्वलं तर अगदी लांब, पाण्याबरोबर वाहत आलेल्या उरल्यासुरल्यावर टपलेली. प्रत्येकाची पद्धत निराळी. एक मादी डोकं पाण्याखाली घालून, कान तेवढे बाहेर ठेवून चालत होती. एक तरुण नर काठावरून दर वेळी अंग झोकून द्यायचा आणि जवळपास दर वेळी रिकामा वर यायचा. एक मोठा नर स्वतः मासे धरतच नव्हता. दुसऱ्याने धरला की त्याच्याकडे चालत जायचा, आणि तो समोरून मासा टाकून बाजूला व्हायचा.

या सगळ्यात मारामारी फार थोडी. मला वाटत होतं त्याचा दहावा हिस्साही नाही. अस्वल हा एकट्याने राहणारा प्राणी. एरवी ते दुसऱ्या अस्वलाचा वास आला तरी वाट बदलतं. इथे तीच अस्वलं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभी असतात, आणि ते निभतं ते खुणांच्या भाषेवर. सोबतचा कर्मचारी आम्हांला त्या खुणा दाखवत होता. मान खाली, पाय ताठ करून, फाकवून, लघवी गाळत चालणारा नर म्हणजे ही जागा माझी आहे असं सांगणारा. कान मागे गेले की सावध व्हायचं. तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली की ते अस्वल ताणात आहे. जांभई ही झोपेची नसते. तीही अस्वस्थपणाचीच खूण. बाजू दाखवून उभं राहणं म्हणजे माझा आकार बघ आणि विचार कर. दुपारपर्यंत मी जांभया शोधायला लागले होते. एका मादीने आमच्याकडे बघून जांभई दिली तेव्हा कर्मचाऱ्याने आम्हां सगळ्यांना हलक्या आवाजात खाली बसायला सांगितलं. आम्ही बसलो. ती थोडी थांबली आणि पुढे गेली. तिने आमच्यासाठी काही बदललं नाही. बदललो आम्ही.

दुपारनंतर तीन पिल्लांची एक मादी वरच्या गवतातून उतरली. त्या वर्षीचीच पिल्लं, मांजराहून थोडी मोठी. नदीत एवढे नर असताना तिने पाण्यात उतरणं जोखमीचं होतं, कारण नर अस्वलं पिल्लांना मारतात. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पिल्लांना आमच्या खडीच्या जागेपासून पाचसहा पावलांवर आणून सोडलं. मग ती खाली मासे धरायला गेली. पिल्लं तिथेच बसून राहिली, आमच्याकडे पाठ करून, आईकडे डोळे लावून.

माझा श्वास अडकला होता, कारण अस्वलाची पिल्लं आणि माणूस यांच्या मध्ये आई नसणं हे आमच्याकडे ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीत मरणाचं लक्षण आहे. पण मॅकनीलला हे नेहमी घडतं. मोठे नर माणसांच्या जवळ यायला कां-कूं करतात. काही माद्यांना ते ठाऊक झालंय, आणि त्या माणसांचा आडोसा म्हणून उपयोग करतात. स्वीडनमधल्या संशोधकांनाही पिल्लांच्या माद्या वीण-काळात वस्तीजवळ सरकतात असं दिसलंय. पण इथे ती मादी अंदाज करत नव्हती. तिला नक्की माहीत होतं की हे दहा जण काही करणार नाहीत. तिच्या आईनेही कदाचित तिला इथेच बसवलं असेल. चांगला अर्धा तास गेला. ती तोंडात मासा घेऊन परत आली आणि पिल्लांनी त्यावर झडप घातली.

या भरवशाला एक आधार आहे, तो विसरून चालत नाही. तो आहे मासा. जिथे खाणं मुबलक तिथेच एवढी सहनशीलता परवडते. माशांची आवक जोरात असते तेव्हा अस्वलं पूर्ण मासा खातही नाहीत. मेंदू, गाबोळी, कातडी, म्हणजे जिथे चरबी आहे तेवढंच खातात आणि बाकीचा टाकतात. तो कुरव नेतात, पांढऱ्या डोक्याचे गरुड नेतात, लाल कोल्हा गुपचूप येऊन नेतो. उरलेलं मातीत जातं. समुद्रातला नायट्रोजन सॅमनच्या अंगातून आणि अस्वलाच्या पोटातून काठावरच्या झाडापर्यंत पोचतो, हे केनाईतल्या आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासांनी दाखवून दिलंय.

आणि हीच चरबी पुढचा जन्म ठरवते. अस्वलांचा समागम उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतो, पण फळलेलं बीज लगेच गर्भाशयात रुजत नाही. ते काही महिने तसंच थांबून राहतं. शरदात, गुहेत शिरण्याच्या सुमाराला, मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच ते रुजतं. नसेल तर त्या वर्षी पिल्लं नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत, बाहेर बर्फ असताना, अर्ध्या किलोचं आंधळं पिल्लू गुहेत जन्माला येतं आणि आई स्वतः काहीही न खाता, पाणीही न पिता त्याला दूध पाजते. गुहेतल्या त्या महिन्यांत ती मलमूत्रही टाकत नाही. तिचं शरीर युरिया पुन्हा वापरून त्यातून प्रथिनं बनवतं, त्यामुळे स्नायू फारसे झडत नाहीत. समोर ती मादी मासा फाडत होती तेव्हा ती पुढच्या हिवाळ्याचं दूध जमवत होती.

अस्वलांची ओढ वाटणारे सगळेच असे वागले नाहीत. मॅकनीलच्या दक्षिणेला, कॅटमाईच्या किनाऱ्यावर, टिमथी ट्रेडवेल तेरा उन्हाळे अस्वलांमध्ये जाऊन राहिला. त्यांना नावं दिली, त्यांच्याशी बोलला, त्यांच्या फार जवळ गेला. ऑक्टोबर २००३ मध्ये त्याला आणि त्याच्या मैत्रिणीला, एमी ह्युगनार्डला, अस्वलाने मारलं. वर्नर हर्झोग यांनी त्याच्या चित्रफितींवरून २००५ मध्ये ‘ग्रिझली मॅन’ हा चित्रपट केला, त्यामुळे जगाला तो माहीत झाला. त्याचं प्रेम खोटं होतं असं मला वाटत नाही. पण त्याला अस्वलाकडून काहीतरी हवं होतं. मैत्री म्हणा, ओळख म्हणा. ओमिलरच्या पद्धतीत माणसाला अस्वलाकडून काहीच नको असतं, आणि ते जमायला ट्रेडवेलच्या धाडसाहून जास्त संयम लागतो. रशियाच्या कामचाटकात, कुरील तळ्याकाठी, मिचिओ होशिनो हा थोर जपानी छायाचित्रकार १९९६ मध्ये असाच गेला. तो सावध आणि जाणता माणूस होता. पण त्याला ओढून नेणाऱ्या अस्वलाला आधीच माणसाच्या अन्नाची चटक लागलेली होती. दुसऱ्यांनी केलेल्या चुकीची किंमत त्याने दिली.

कॅटमाईतल्याच ब्रूक्स धबधब्याची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत: उडी मारणारा सॅमन थेट अस्वलाच्या जबड्यात. तिथे लाकडी मचाणं आहेत, गर्दी आहे, इंटरनेटवर थेट प्रक्षेपण आहे, आणि २०१४ पासून सर्वांत लठ्ठ अस्वल निवडण्याची स्पर्धा आहे, जिच्यामुळे लाखो लोकांना अस्वलाच्या चरबीचं महत्त्व कळलं. ते चांगलंच आहे. पण मॅकनीलला एक गोष्ट मिळते जी मचाणावर मिळत नाही. तिथे माणूस अस्वलाच्या पातळीवर, त्याच जमिनीवर बसलेला असतो.

अभयारण्याची हद्द नकाशावर आहे. अस्वलाला ती दिसत नाही. मॅकनीलची अस्वलं मासे संपल्यावर दूरवर पांगतात आणि आसपासच्या सरकारी जमिनीवर शिकार कायदेशीर असू शकते. २००५ मध्ये राज्याच्या शिकार मंडळाने अभयारण्याजवळचा काही भाग अस्वलांच्या शिकारीला खुला करायचं ठरवलं. ओमिलर यांनी त्याच वर्षी नोकरी सोडली. माणसाला न भिणारी अस्वलं तयार करायची आणि मग त्यांना बंदुकीपुढे सोडायचं, हे त्यांच्या मनाला पटण्यासारखं नव्हतं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत अवघड प्रश्न आहे. त्या तीन पिल्लांच्या आईने आमच्यावर ठेवलेला भरवसा हा तिच्या जिवावर काढलेलं कर्ज आहे. आम्ही चार दिवसांनी विमानात बसून निघून जातो आणि ते कर्ज फेडायचं कुणी? राज्य सरकारने फेडायचं, कारण परवाना त्याने दिला. शिकारीच्या त्या निर्णयाला देशभरातून विरोध झाला आणि २००७ मध्ये मंडळाने तो मागे घेतला. पण असा निर्णय घेतला जाऊ शकतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

दुसरी भीती खाणीची. उत्तरेला, ब्रिस्टल बेला मिळणाऱ्या नद्यांच्या उगमाशी, पेबल नावाचा तांब्याचा आणि सोन्याचा प्रचंड साठा आहे. जगातल्या सॉकाय सॅमनपैकी जवळपास निम्मे त्याच ब्रिस्टल बेमधून येतात. खाणीच्या एका आराखड्यात माल नेण्यासाठी कामिशाक बेवर, मॅकनीलपासून फार दूर नसलेल्या आमाकडेडोरी इथे, बंदर आणि तिथपर्यंत रस्ता दाखवला होता. म्हणजे जिथे आजवर गाडीचं चाक फिरलेलं नाही तिथून रोज ट्रक. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने नोव्हेंबर २०२० मध्ये खाणीला परवानगी नाकारली आणि जानेवारी २०२३ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने आपला नकाराधिकार वापरला. त्याविरुद्ध खाण कंपनी आणि अलास्का राज्य दोघंही न्यायालयात गेले. दहा माणसांवर पन्नास वर्षं घेतलेली मेहनत एका रस्त्याने संपू शकते. त्या रस्त्यावरचा ट्रक गवतात शिरताना आवाज देणार नाही.

परतल्यावर मला लोक विचारतात, आपल्याकडे असं होईल का? होणार नाही, आणि त्याची कारणं प्रामाणिकपणे सांगायला हवीत. आपलं अस्वल वेगळं. ते मुंग्या-वाळवीवर, मधावर, बोरं-जांभळं-मोहावर जगतं. त्याला सॅमनची आवक नाही. शिवाय ते वाघाच्या शेजारात वाढलंय. ते झाडावर चढतं, पण चढून सुटत नाही, कारण बिबट्याही चढतो. म्हणून संकट दिसलं की पळण्याऐवजी अंगावर धावून जाणं हे त्याच्या रक्तातच आहे. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, गडचिरोलीची जंगलं, बुलढाण्याचं ज्ञानगंगा, इथे ते राहतं आणि तिथेच माणसंही राहतात, रोजच्या पोटासाठी जंगलात जातात. दहा परवाने देऊन मिटणारा हा प्रश्न नाही.

माझ्या पिढीने अस्वल आधी पाहिलं ते दरवेश्याच्या दोरीला. नाकातून वेसण, दात काढलेले, डमरूवर मागच्या पायांवर उभं. आम्हां मुलांना त्याच्या पाठीवर बसवायचे म्हणजे भीती जाते, आणि त्याचा केस ताईतात घालायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद व्हायला हवं होतं, ते व्हायला २००९ उजाडलं. त्या साली नाचवल्या जाणाऱ्या शेवटच्या अस्वलांची सुटका झाली आणि त्यांना नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरे उद्योग धरायला मदत मिळाली. ज्या प्राण्याशी आपण इतकी वर्षं असे वागलो त्याच्याबद्दल आपल्याला फार कमी माहिती आहे, हे मला मॅकनीलच्या काठावर बसल्यावर लागलं. तिथे प्रत्येक मादीचा इतिहास लिहून ठेवलेला आहे. आपल्या जंगलातल्या अस्वलाची आठवण सरकारी कागदावर बहुतेक वेळा हल्ल्याच्या पंचनाम्यातच उरते.

तरी मॅकनीलची एक गोष्ट इथे आणता येते, आणि ती वेळापत्रकाची आहे. विदर्भातले अस्वलांचे बरेच हल्ले मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात होतात. मोह रात्री गळतो. फुलं ताजी मिळावीत, दुसऱ्याने नेऊ नयेत, गुरांनी खाऊ नयेत म्हणून बाया अंधारातच घर सोडतात. अस्वलही त्याच झाडाखाली, त्याच वेळी आलेलं असतं. अंधारात, वाकून फुलं वेचणारी बाई आणि खाली मान घालून खाणारं अस्वल एकमेकांना दिसत नाहीत, आणि मग ते दचकणं होतं. यात अस्वलाला काही समजावता येणार नाही. पण बाईला उजाडल्यावर जाता येईल, अशी सोय करता येते. काही गावांत मोहाच्या झाडाखाली, जमिनीपासून वर, जाळी बांधायला सुरुवात झाली आहे. फुलं मातीत पडत नाहीत, पाचोळा जाळून जमीन साफ करावी लागत नाही, मालाला भावही बरा येतो. पण मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी वाटते. फुलं रात्रभर जाळीत सुरक्षित राहतात, म्हणून अंधारात धावत जावं लागत नाही. ज्याच्या-त्याच्या झाडाची जाळी ठरलेली असली की पहाटेची चढाओढही कमी होते. ही जाळी प्रत्येक मोहाला मिळावी, ती घ्यायला बाईला पदरचे पैसे घालावे लागू नयेत, आणि खरेदी करणाऱ्यांनी माल सकाळी उशिरापर्यंत घ्यावा. एवढं झालं तर बाई दिवस वर आल्यावर, चौघींच्या सोबतीने, बोलत-बोलत झाडाकडे जाईल. अस्वल तोवर जाळीबाहेर पडलेला आपला वाटा खाऊन गेलेलं असेल.